डोंगर दाखवायची गाडी

रामनाथ चुरीने जुनी पिवळी मिनीबस विकत आणली, तेव्हा नरपडच्या लोकांना वाटलं की म्हातारा आता शाळा काढतोय. गाडी होतीच मुळात शाळेची. भिलाडकडच्या कुठल्याशा शाळेने ती मोडीत काढली होती आणि मागच्या काचेवर अजून गुजरातीत ‘सावधान, बाळको’ लिहिलेलं होतं. रामनाथने ती थेट चिकूच्या वाडीत आणून उभी केली आणि येईल जाईल त्याला सांगायला लागला, "ही घरगाडी होणार. हिच्यात चूल, हिच्यात पलंग, हिच्यात न्हाणी. हिच्यातून मी रखमाला डोंगर दाखवायला नेणार."

ही गोष्ट दोन हजार चौदाच्या दिवाळीनंतरची. त्या दिवाळीत त्याच्या मुलाने, प्रितेशने, आईला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली होती. गोरा म्हातारा, गोरी म्हातारी, असल्याच गाडीत राहतात, डोंगरातून हिंडतात, वाटेल तिथे थांबून चहा करतात. रखमाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "अगंबाई! गाडीतच बिछाना? अहो, इकडे या, बघा तरी!" मग ती बाई आपल्याच वयाची असेल, नाही का, असं तिने दोनदा विचारलं.

त्याच महिन्यात वलसाडच्या डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं होतं की रखमाबाईला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून जपायची. किती दिवस टिकेल? दोन वर्षं टिकेल, नाहीतर दहासुद्धा टिकेल. हे ऐकायला रामनाथ आत नव्हताच. दवाखान्याची पायरी तो चढायचा नाही, म्हणून बाहेर फाटकाशी उभा होता. प्रितेशने येऊन सगळं सांगितलं, आणि या शहाण्याने त्यातलं ‘दहा’ तेवढं उचललं. ‘दोन’ ऐकूच आलं नाही म्हणा ना!

रखमाबाईने मात्र दोन्ही आकडे नीट ऐकले होते. रात्री जेवताना ती म्हणाली, "माझं एकच मागणं आहे. नजर आहे तोवर मला डोंगर बघायचेत. लांबून नाही, आत जाऊन."

तिचं माहेर चिंचणी. जन्मापासून समुद्र बघितला, लग्न होऊन आली ती पुन्हा समुद्राच्याच काठाला. उगवतीला डोंगरांची निळी रेघ रोज दिसायची, पण तिची धाव डोंगराच्या पायथ्याशी भरणाऱ्या महालक्ष्मीच्या जत्रेच्या पुढे कधी गेली नाही. रामनाथला हे सगळं ठाऊक होतं. बायकोवर त्याचा जीव होता, त्यात खोट नाही. "नेतो," तो म्हणाला, "पण लॉजवर नाही. त्या चित्रातल्यासारखी गाडी करून नेतो." कारण वलसाडच्या लॉजवर एक रात्र काढायची वेळ आली, तेव्हा रखमाबाई पहाटेपर्यंत चादर हुंगत बसली होती.

त्याने शाळेच्या वहीत मार्ग लिहिला. डहाणू, कासा, विक्रमगड, जव्हार. पहिला मुक्काम तिथे. मग मोखाडा, खोडाळा, घाट चढून इगतपुरी, घोटीवरून भंडारदरा. पाच दिवस, चार रात्री. बायकोला वाचून दाखवला. तिने सगळी नावं पाठ केली आणि शेजारणींना म्हणून दाखवली.

अहो, पाच दिवसांचा तर प्रवास! दुसरा कुणी असता तर आठवड्यात गादी टाकून निघाला असता. पण रामनाथ पडला चिकूवाला. चिकू झाडावर पिकू देत नाहीत. कडक असतानाच काढायचा आणि खोलीत झाकून पिकवायचा. वेळेआधी काढला तर कितीही झाका, रबरासारखा राहतो. म्हणून हात लावण्याआधी नखाने साल जरा खरवडून बघायची. खाली हिरवं दिसलं तर थांबायचं, पिवळसर दिसलं तर काढायचा. चाळीस वर्षं हेच केलेल्या माणसाचं नख प्रत्येक गोष्टीला लागायचं. प्रितेशचं लग्न त्याने दोन वर्षं असंच लांबवलं होतं. "अजून हिरवं आहे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. घाई करून काही बिघडलं तर ते आपल्या माथी, आणि थांबून कधी काही बिघडत नाही, अशी त्याची पक्की समजूत.

गाडीचं काम तलासरीच्या मिथुनकडे दिलं. हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज. बाकडी काढून पलंग बसवला, तर तो रामनाथला दोन बोटं आखूड वाटला. काढा, परत करा. शेगडी बसवली, तर वळणावर पातेलं सांडेल म्हणून भोवती कठडा. पाण्याची टाकी टपावर चढवली, ती गळायला लागली. उतरवली, खाली बसवली, तर पाणी नळाला चढेना. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! मिथुन वैतागून म्हणायचा, "काका, अजून किती वेल्डिंग? घरगाडी करताय की रणगाडा?"

"बाईमाणूस बरोबर आहे बाबा," रामनाथ म्हणायचा. "तिला कशाचा त्रास व्हायला नको."

त्यात चिकू बारमाही. एक तोड संपते न संपते तोच दुसरी उभी. वाडी सोडून पाच दिवस जायला त्याचं मन धजायचं नाही. पंधरा साल गेलं, सोळा गेलं. दर तीन महिन्यांनी सून निशिगंधा सासूला वलसाडला तपासायला न्यायची. परत आल्यावर रामनाथ विचारायचा, "काय म्हणाला डॉक्टर?" रखमाबाई म्हणायची, "थेंब चालू ठेवा म्हणाला." तेवढ्यावर त्याचं समाधान व्हायचं आणि तो पुन्हा टाकीकडे वळायचा.

सतराच्या मे महिन्यात एका संध्याकाळी ती स्वतः वाडीत आली. रामनाथ गाडीखाली आडवा पडला होता, नुसते पाय बाहेर. ती त्या पायांशी बोलली.

"अहो, एक गादी टाका मागे आणि चला आता. मी तांदळाच्या भाकऱ्या बांधते, सुकट घेते. उद्या सकाळी निघू."

"टाकी गळतेय गं," गाडीखालून आवाज आला.

"कळशी घेऊ बरोबर."

"आणि मे महिन्यात कुणी डोंगर बघायला जातं का? सगळं जळून गेलेलं असतं. पाऊस संपला की हिरवेगार होतात. तेव्हा जाऊ."

"मला सुके पण चालतील हो."

रामनाथ बाहेर आला, हाताला ग्रीस. "पी हळद नि हो गोरी, असं करून कसं चालेल? थोडं थांब. अजून हिरवं आहे, रखमा."

ती गाडीच्या पत्र्यावर तळवा ठेवून जराशी उभी राहिली आणि घरात निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. ताटली आपटली असती, माहेरी निघून गेली असती, तर या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला असता. पण ती भांडली नाही, आणि रामनाथला वाटलं की तिला पटलं.

त्यानंतर ती अंगणात चिकू निवडायला बसेनाशी झाली. लहान-मोठा वेगळा करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण आता पाठ दुखते म्हणायची. रामनाथने तिला मलम आणून दिलं. गाडीच्या पडद्यांसाठी त्याने डहाणूहून कापडाचे चार तुकडे आणले, तर ती डोळ्यांनी न बघता बोटांनीच चाचपत बसली. त्याला वाटलं, केवढी पारख आहे हिला कापडाची! "तुम्हाला आवडेल तो घ्या," ती म्हणाली. पूर्वी पडद्याच्या रंगावरून तिने त्याला तीनदा दुकानात पिटाळलं असतं. घरात ती कधी अडखळायची नाही. चाळीस वर्षांचं घर, उंबरा न उंबरा पायाला पाठ. संध्याकाळ झाली की लवकर आडवी व्हायची. वय झालं, असं रामनाथ म्हणायचा आणि पुन्हा बॅटरी घेऊन टाकी तपासायला जायचा.

अठरा सालची दिवाळीही टाकीतच गेली. मग मिथुननेच निर्वाणीचं सांगितलं, "काका, आता नाही निघालात तर मी ही गाडी भंगारवाल्याला देईन. देवाशप्पथ." दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत, एका सोमवारी सकाळी, नारळ फोडून ते दोघं निघाले. निशिगंधा सासूच्या गळ्यात पडून इतकी रडली की रामनाथला हसू आलं. "अगं, पाच दिवसांत येतो, काशीला नाही चाललो!"

रखमाबाई शेजारच्या सीटवर बसली होती, अंगावर हिरवी जरीकाठी, तोंड खिडकीकडे. कासा गेलं, विक्रमगड गेलं. ती विचारायची, "आता कुठे आलो?" तो गावाचं नाव सांगायचा. "छान आहे नाही?" ती म्हणायची. रामनाथचं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं इंजिनाच्या आवाजावर. रात्री जव्हारला मुक्काम केला. टाकीतून थेंबसुद्धा गळला नाही आणि तो लहान पोरासारखा खूश झाला. पलंगावर पडल्या पडल्या रखमाबाई म्हणाली, "बरं झालं आलो." किती तरी वर्षांनी तिने त्याचा हात उशाला घेतला.

दुसऱ्या दिवशी खोडाळ्याच्या पुढे एका वळणावर रामनाथने गाडी थांबवली. एका बाजूला दरी, दरीपलीकडे डोंगरच डोंगर. दुसऱ्या बाजूला रस्त्यासाठी कापलेली लाल मुरमाची दरड, दोन पुरुष उंच. त्याने तिला हाताला धरून उतरवलं, दरीकडे तोंड करून खुर्ची मांडून दिली आणि म्हणाला, "बस, बघत राहा. चहा घेऊन येतो." मग आत जाऊन कठड्याच्या शेगडीवर चहा ठेवला. आपण ठरवलं ते करून दाखवलं, असं त्याला वाटलं.

दोन ग्लास घेऊन तो बाहेर आला. मधल्या वेळात तिच्या तोंडावर ऊन आलं असावं, कारण तिने उठून खुर्ची फिरवून घेतली होती. ती आता दरडीकडे तोंड करून बसली होती. दरड तिच्या नाकापासून चार हातांवर. त्याच्या पावलांचा आवाज आला तशी ती हसून म्हणाली, "काय सुंदर दिसतंय हो इथून! डोळे निवले माझे."

रामनाथला आधी वाटलं, थट्टा करतेय. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती मनापासून त्या मुरमाकडे बघत होती. त्याने ग्लास खाली ठेवले आणि तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी लवली नाही.

"रखमा," तो म्हणाला, "समोर दरड आहे गं."

तिचं हसू जागच्या जागी थांबलं. "खुर्ची उलटी झाली वाटतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "कळलं म्हणायचं तुम्हाला."

"कधीपासून?"

"पुरती गेली ती गेल्या गणपतीनंतर. त्याआधी वर्षभर नुसतं धुकं. त्या मे महिन्यात गादी टाका म्हटलं ना, तेव्हा उजव्या डोळ्याने चांगलं दिसत होतं. डॉक्टरने त्याच दिवशी सांगितलं होतं, बघायचं ते बघून घ्या."

रामनाथ रस्त्यावरच खाली बसला. "मला का नाही सांगितलंस?"

"मे महिन्यात सांगायलाच आले होते. तुमचे पाय तेवढे बाहेर होते. आणि मग गेल्यावर कशाला सांगायचं? सांगितलं असतं तर तुम्ही गाडी विकून टाकली असती. निशिगंधाला शपथ घातली मी. मला यायचं होतं हो डोंगरात. दिसले नाहीत तरी."

"माझं चुकलं गं," तो म्हणाला. त्याला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या, तुमचा काय दोष. पण तिने तसं म्हटलं नाही.

"हो, चुकलं," रखमाबाई म्हणाली. "फार राग आला होता मला. दोन महिने मी तुमच्याशी धड बोलले नाही, तेसुद्धा तुमच्या लक्षात आलं नाही. टाकीचं चाललं होतं ना तुमचं." तिने पदराने नाक पुसलं. "आता आलोय तर चहा द्या. आणि खुर्ची वळवा माझी."

त्याने तिला उठवलं, खुर्ची दरीकडे वळवली, तिला बसवलं, ग्लास तिच्या हातात नीट धरवला. खालून शेतात पालापाचोळ्याचा राब भाजल्याचा धूर वर येत होता. कुठेतरी गुरांच्या गळ्यातल्या घाटी वाजत होत्या.

"सांगा आता," ती म्हणाली. "काय आहे समोर?"

त्याने बघितलं. गाडीतला खिळा न खिळा त्याला सांगता आला असता. "डोंगर आहेत," तो म्हणाला.

"ते ठाऊक आहे. कसे आहेत?"

"मोठे आहेत."

"अहो, असं काय करता? एकेक करून सांगा. किती आहेत?"

रामनाथ तिच्या खुर्चीला धरून उभा राहिला. "हा जवळचा एक. काळा आहे, गवत जाळलंय त्याच्यावर. पायथ्याला पळस फुललाय. त्याच्या डावीकडे दुसरा, तो डोक्यावर सपाट आहे, आपल्या पाटासारखा. त्याच्या मागे तिसरा, तो निळा दिसतो..."

"आणि चौथा?"

त्याने बाहीने डोळे पुसले, पुन्हा पुसले. तिने थोडी वाट बघितली आणि हात लांब करून त्याची बाही चाचपली. "अहो, चौथा कसा आहे?"

"थांब जरा," रामनाथ म्हणाला. "मला दिसत नाही गं."