तिघांचा बाजा

सोनपेठच्या बाजारात सत्यशीलाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. नवरा वारल्यावर तिनं ते बंद करावं असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. तिनं उलट परभणीच्या भंगारातून दोन मोठे टेपरेकॉर्डर आणले. एकावर सूर भरायचा, तीच फीत शेजारच्यातून चार क्षणांनी वाजायची. निवृत्त संगीतमास्तर किशनराव त्यावर व्हायोलिन वाजवून बघत. मेंढरं राखणारा येडबा पावा दुरुस्त करून मिळेल का विचारायला आला, अन् आपलाच सूर फिरून येताना ऐकून तिथंच बसला. वर्षभर तिघांनी दुपारी शटर अर्धं ओढून तालीम केली.

सत्त्याऐंशी साली गावच्या संगीत सभेत त्यांना अर्धा तास मिळाला. मंचावर मांडामांड चालली होती तोच सभेचे अध्यक्ष माणिकराव वर आले.

"बाई, ही डबडी खाली उतरवा. मास्तरांचं अन् पाव्याचं होऊ द्या. हे काय संगीत हाय?"

सत्यशीलानं हातातली तार जोडून घेतली. "तिघांचा मिळून एक बाजा हाय आमचा. यातलं काई उतरणार न्हाई."

"मास्तर, तुमी तरी सांगा हिला."

किशनरावांनी व्हायोलिन मांडीवर आडवं ठेवलं. "ती न्हाई वाजवणार, तर मी बी न्हाई."

"माजा सूर मला माघारी यायलाय," येडबा म्हणाला, "तुमचं काय जायलंय?"

माणिकरावांनी मेन स्विचजवळच्या माणसाला खूण केली. पंखे थांबले, दिवे गेले, सभेचा माईक मुका झाला. लोक हसले.

सोनपेठची लाइट कधी जाईल याचा भरवसा नसे, म्हणून सत्यशीलानं यंत्रं आधीच ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जोडली होती. तिनं कळ दाबली. फीत फिरू लागली.

येडबानं एक लांब सूर सोडला. तो परत आला तेव्हा किशनरावांनी त्याच्याखाली गज ओढला, अन् सत्यशीलानं बटण पिळून दोन्हींमध्ये घरघर मिसळली, रेडिओचं स्टेशन लागता लागता होते तशी. मागच्या रांगेतून कुणी शिट्टी मारली. यंत्राच्या स्वतःच्या माईकनं ती शिट्टीही टिपून चार क्षणांनी परत केली. एक बाई मोठ्यानं हसली अन् मग गप्प होऊन ऐकू लागली.

निम्मे लोक उठून गेले. माणिकराव दारात उभे राहून घड्याळ बघत राहिले. तिघांनी मिळालेला अर्धा तास पुरता वाजवला, एक मिनिट कमी नाही.

पुढच्या वर्षी बोलावणं येणार नाही, हे कळलंच होतं. दुसऱ्या दिवशी सत्यशीलानं दुकानावर पाटी लावली: 'दर रविवारी दुपारी तिघं वाजवतात. ज्याला ऐकायचं त्यानं यावं.'

त्या रविवारी तिनं शटर पूर्ण वर केलं.