बारीक केलेला आवाज

मी एक जुना स्पीकर आहे. पनवेलच्या एका कॉलेजात, संख्याशास्त्र विभागाच्या कपाटात, हल्ली माझा मुक्काम असतो.

मित्रांनो, करोनाची साथ ओसरू लागली तेव्हा मला इथे आणलं. निम्मी मुलं वर्गात आणि निम्मी घरी, असे ते दिवस होते. घरच्या मुलांचे आवाज माझ्यातून वर्गात यायचे. पहिल्याच दिवशी सुमती मॅडमनी माझ्यावर हात ठेवून वर्गाला सांगितलं, की याला नुसता डबा समजू नका, इथे तीस मुलं बसली आहेत. मला फार अभिमान वाटला.

त्या तिसांत आपटा गावची मनस्वी होती. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती घरूनच तासाला बसायची, मागच्या पडवीत, जिथे रेंज मिळेल तिथे. सगळ्यांत जास्त शंका तिच्याच असत. मॅडमना ते आवडायचंही.

पण मॅडमची ओढाताण व्हायची. फळ्याकडे वळल्या, की घरच्या मुलांना काही दिसत नसे. लॅपटॉपकडे वळल्या, की वर्गात कुजबुज सुरू होई. एकदा मनस्वी विचारत होती, की विचलन काढताना सरासरीपासूनच्या फरकाचा वर्ग का करायचा, नुसती बेरीज का नाही. तेवढ्यात तिच्यामागे कोंबड्या ओरडू लागल्या. वर्ग हसला. त्या दिवशी मॅडम अगदी थकल्या होत्या.

"मनस्वी, माईक बंद ठेव. शंका चॅटमध्ये लिही," असं म्हणून त्यांनी माझं बटण फिरवलं आणि आवाज बारीक केला.

ती लिहीत राहिली, मॅडम फळ्यावर शिकवत राहिल्या. लिहिलेलं माझ्यातून येत नाही, त्यामुळे मलाही काही कळलं नाही. ती गप्प झाली, एवढंच जाणवलं.

पुढच्या वर्षी सगळे वर्गात परतले. हजेरीत मनस्वी नव्हती. तिने प्रवेशच घेतला नव्हता. मॅडमनी जुन्या तासांचं चॅट उघडून पाहिलं. तिच्या चौदा शंका तिथे तशाच पडून होत्या. मग रिकाम्या वर्गात बसून त्यांनी तिला पुन्हा एकदा लिंक पाठवली, आणि कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज माझ्यातून आला. मॅडमनी तिची माफी मागितली. परत ये, मी शिकवते, असंही म्हणाल्या.

"राग नाय मॅडम," मनस्वी म्हणाली. "पण विचारायची सवयच सुटली माझी. आता खारघरला दुकानात कामाला लागलेय. बरं चाललंय."

तरीही मॅडमनी फरकाचा वर्ग का करायचा, ते तिला सावकाश समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, समजलं म्हणाली आणि गेली. मॅडमनी लॅपटॉप मिटला आणि मला कपाटात ठेवलं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कुणी पुसली नाही तरी चालेल. पण कुणी अडखळत काही विचारत असेल, तर हसू नका, जरा थांबा. मॅडमचं उत्तर अगदी बरोबर होतं. फक्त ते एक वर्ष उशिरा पोचलं.