टेम्पोच्या नाकावरची रजई

हसू नका हं मित्रांनो, पण मी माणसांच्या अंगावर नाही, टेम्पोच्या नाकावर झोपते! मी एक जुनी रजई. एका लग्नात या घरात आले, तेव्हा नवी कोरी होते, कॉटवर माझा काय थाट होता! मग कोपरा फाटला, कापूस बाहेर डोकावायला लागला, आणि माझी बदली थेट अंगणात झाली.

तिथं काम एकच. आमच्या घराचे मालक टेम्पोवाले डेअरीला दूध पोहोचवून संध्याकाळी घरी आले, की इंजिन गरम असतानाच बॉनेटवर मला पांघरायचं. आमच्या या डोंगरातल्या बर्फाळ गावी थंडीत इंजिनातलं तेल मधासारखं घट्ट होतं ना, मग इंजिन सकाळी फिरता फिरत नाही. मी त्याची ऊब धरून ठेवते.

एवढं करूनही लाड कुणाचे? बॅटरीचे! टेम्पोवाले तिला रोज सोडवून दोन्ही हातांनी उचलतात आणि घरात नेऊन ठेवतात. तिच्या टोकांना व्हॅसलीनसुद्धा लावतात! आणि मी बाहेर, पाठीवर बर्फ घेऊन!

त्यांची बायको, म्हणजे आमच्या बाई, एकदा म्हणाल्याच, "लग्नात मला तरी एवढं जपून आणलं होतंत का हो?"

"अगं, गारठ्यात तिचा निम्मा जीव जातो. ती रुसली तर दूध कसं जाणार?"

"आणि मी रुसले तर?"

"तू रुसलीस तरी बोलतेस. ती रुसली की बोलतच नाही!"

दोघंही हसले. माझा मात्र जळफळाट झाला.

त्यात डेअरीच्या साहेबांनी टेम्पोवाल्यांना बजावलं होतं, "आता आणखी एकदा उशीर झाला, तर तुमची फेरी दुसऱ्याला देणार." फेरी गेली म्हणजे घराची कमाईच गेली.

आणि नेमकी एका संध्याकाळी बर्फाची भुरभुर सुरू झाली. बाईंनी मला चाचपलं. "अगं बाई, ही तर पार भिजली!" त्यांनी मला आत नेलं, शेगडीजवळ वाळत घातलं आणि बॉनेटवर एक पोतं टाकलं. मी आत! अगदी बॅटरीच्या शेजारी! मी तर फुशारून गेले.

सकाळी बघते तर काय, पोतं उडून कुंपणात अडकलेलं आणि बॉनेटवर बर्फाचा थर. टेम्पोवाल्यांनी बॅटरी लावली, चावी फिरवली. घर्रर्र... घर्र... टक.

"सारखी चावी मारू नका, दमेल ती!" बाई ओरडल्या. "चुकलंच माझं. पोतं बांधायला हवं होतं."

"ते राहू दे. आधी पाणी तापव. इंजिनावर ओतायचं नाही हं, तडकेल! तुझ्या कंबरेच्या शेकाच्या पिशव्यांत भर."

बॅटरी पुन्हा घरात गेली, ऊब घ्यायला. दोन रबरी पिशव्या इंजिनाला टेकवल्या आणि वरून मला दाबून पांघरलं. मी होता नव्हता तेवढा कापूस पसरून बसले. मित्रांनो, उबेचा एक कणसुद्धा मी बाहेर जाऊ दिला नाही!

मग पिशव्या काढल्या, मला कुंपणावर टाकलं, बॅटरी परत जोडली. दिवे बंद, रेडिओ बंद. टेम्पोवाल्यांनी दम धरून चावी फिरवली. घर्रर्र... घर्रर्र... आणि बॅटरीला उद्देशून माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई गं, आज लाज राख!"

धडधडधड! टेम्पो सुरू झाला आणि सुसाट गेला.

परत आल्यावर बाईंनी दारातच विचारलं, "साहेब काय म्हणाले?"

"घड्याळाकडे बघत तोंड उघडतच होते, तोवर मी कॅन उतरवून मोकळा! फेरी आपलीच आहे."

त्या संध्याकाळी बाईंनी मला बॉनेटवर दोरीनं घट्ट बांधलं. आणि बॅटरी? गेली की घरात, टेम्पोवाल्यांच्या हातांतून, ऐटीत! माझा अजून तितकाच जळफळाट होतो.

म्हणून सांगते मित्रांनो, थंडीत गाडीचं इंजिन उघडं टाकू नका. माझ्यासारखी कुणी भिजली, तर दिवसाउजेडी उन्हात वाळवा. आणि मी बॅटरीला "बाई गं" म्हणाले, हे तिला मुळीच सांगू नका. आधीच फार शेफारलीय ती!