म्हैस ही जागा आहे का

माणूस कोणताही असो, बाळासो चौगले त्याला आधी म्हशीच्या हिशेबानं जोखायचा. वैरण किती खाईल आणि दूध किती देईल. दूध परवाना खात्याच्या अधिकारी क्रांती घोरपडे यांचा हिशेब त्यानं पहिल्याच भेटीत मांडून टाकला होता. वैरण सरकारी, दूध शून्य, जवळ गेलं की लाथ.

ती लाथ त्याला मार्चात बसली. रोज संध्याकाळी त्याच्या दोन म्हशी गंगावेशीच्या कोपऱ्यावर उभ्या राहत. गिऱ्हाईक समोर, धार थेट पेल्यात, फेसासकट पेला गिऱ्हाइकाच्या हातात. आज्यापासून हेच चालत आलेलं. बाईंनी नोटीस बजावली, की दूध साठवण्याच्या प्रत्येक जागेला कायद्यानं परवाना लागतो, आणि खात्याच्या नव्या परिपत्रकानुसार म्हशीची कास हीसुद्धा साठवणुकीची जागाच. परवाना नसेल तर म्हशी कोपऱ्यावरनं हलवा.

"म्हंजे माजी म्हस गोडाऊन हाय व्हय?"

"परिपत्रक वाचा."

"म्याडम, तुमी मुरगूडच्या. घरात म्हस असंल की. पान्हा सोडला तर दूध, न्हायतर नुसती कास. गोडाऊनचं कुलूप मालक उघडतोय. हितली किल्ली म्हशीकडं."

"माझं घर काढायचं काम नाही. कायद्याचा अर्थ खातं लावतं, तुम्ही नाही." जीपचं दार आपटलं.

बाळासो कोर्टात गेला. त्याची वकील शांभवी शेटे, वकिली सुरू करून चार वर्षं झालेली. बोलायला धारदार, पण समोरच्यानं आवाज चढवला की ही त्याच्यावर चढवणार. सरकारी वकील धैर्यशील पाटलांना तशी गरजच नव्हती. ते हळूच बोलायचे, कारण निम्मं काम खात्याचं नावच करायचं.

"खात्यात दुधाचे तज्ज्ञ बसतात," पाटील म्हणाले. "कायद्यातल्या शब्दाचा त्यांनी लावलेला अर्थ अगदीच अशक्य नसेल, तर कोर्टानं त्याच्या जागी आपला अर्थ घालू नये."

"दुधाचे तज्ज्ञ असतील," शांभवी म्हणाली. "पण 'जागा' हा शब्द काही दुधातला नाही. तो वाचायला कोर्ट आहे. आणि चाळीस वर्षं याच तज्ज्ञांना कास ही जागा दिसली नव्हती. यंदाच्या मार्चात कशी दिसली?"

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. "अर्थ ताणलेला आहे. पण खात्यानं विचार करूनच लावला असेल. त्याचा मान ठेवायला हवा." अर्ज फेटाळला. एवढंच लिहिलं, की बाळासोनं परवाना मागावा, आणि त्यावर निर्णय होईपर्यंत खात्यानं म्हशी हलवू नयेत.

बाहेर व्हरांड्यात बाळासो कडाडला. "वकीलबाई, ह्ये साहेब कायदा वाचाय बसल्यात का परिपत्रक? त्यास्नी इचारलं, जागा म्हंजी काय. त्यांनी सांगितलं, खात्याला इचारा. खात्याला इचारायचं असतं तर म्या हितं कशाला आलतो?"

"काका, हळू बोला."

"आत तुमी त्या पाटलावानी हळू बोलायचं व्हतं."

शांभवीनं फाईल काखेत मारली. "निकालाची शेवटची ओळ वाचलीत? नाही ना? मग अर्ज करा. म्हशीचा."

दोन दिवसांनी बाळासो खात्याच्या कचेरीत छापील अर्ज भरून हजर झाला. कारकून कृष्णातनं तो घेतला आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागला.

"जागा मालकीची की भाड्याची? मालकीची. क्षेत्रफळ? शिंगापास्नं शेपटीपातुर. दारे किती? सड चार. कायमचा पत्ता? सकाळी गोठा, दुपारी पंचगंगा, सांजेला गंगावेश. जागा केव्हा बांधली?" कृष्णात थांबला. "काय लिवलंयसा ह्ये? चौथ्या वेताला, दावणीला?"

पलीकडच्या टेबलावर कुणाला तरी चहाचा ठसका लागला. अख्खी कचेरी हसली. आतल्या केबिनमधून क्रांतीबाई बाहेर आल्या, अर्ज ओढून घेतला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"चेष्टा मांडलीय?"

"चेष्टा परिपत्रकात हाय. म्या नुसतं रकानं भरल्यात. मोजाय कवा येतासा? टेप आना लांबडी."

मागं कुणीतरी पुन्हा खुदकलं. तेच नडलं. बाईंनी उभ्या उभ्याच अर्जावर लिहिलं, 'म्हैस हा सजीव प्राणी असून ती कायद्यातील जागा या व्याख्येत बसत नाही. सबब परवाना नाकारण्यात येत आहे.'

"म्याडम," कृष्णात पुटपुटला, "एकदा वरती इचारून..."

"शिक्का मारा."

शिक्का बसला. बाळासोनं जिन्यावर उभं राहून तो कागद दोनदा वाचला. आला होता नुसती कळ काढायला, पण हातात आलं ते भलतंच. तिसऱ्यांदा वाचायच्या आत त्यानं शांभवीला फोन लावला.

शांभवीनं त्या कागदाच्या जोरावर नोटिशीविरुद्ध पुन्हा अर्ज टाकला. तारखेला पाटलांच्या हातात तो कागद पडला, तेव्हा त्यांचा आवाज आणखीच खाली गेला. "हे... घाईत लिहिलं गेलंय. खात्याचा मूळ अर्थ परिपत्रकातलाच समजावा."

"पण सही अधिकाऱ्यांची आहे, शिक्का खात्याचा आहे," न्यायाधीश म्हणाले. "मागच्या खेपेस आपणच सांगितलंत, खात्याच्या अर्थाचा कोर्टानं मान ठेवावा. खातं म्हणतं, म्हैस ही जागा नाही. कोर्ट मान ठेवतं. नोटीस रद्द."

कोर्टात हशा पिकला. एकटा बाळासो हसला नाही. तो उठून उभा राहिला. "साहेब, खात्याचं र्‍हाऊ द्या. तुमचं काय म्हननं? म्हस जागा हाय का न्हाय?"

"तो प्रश्न आता उरलेला नाही." साहेबांनी पुढची फाईल ओढली, आणि शांभवीनं बाळासोचा सदरा.

व्हरांड्यात क्रांतीबाई समोरच उभ्या होत्या. तिथून त्या हलल्या नाहीत. "चौगले, परिपत्रक मीच मांडलेलं, मीच दुरुस्त करून घेईन. म्हैस जागा नसेल, तर म्हैस जिथं उभी राहते ती जागा. त्यावर सही करताना मला कुणी हसणार नाही."

"तवा बगू," बाळासो म्हणाला. पण बाई जिना उतरून गेल्यावर तो शांभवीकडं वळला. "आनि त्या कागदाचाबी ह्ये साहेब मान ठेवतील?"

"ठेवतील."

"मग अपील घाला. आजच. वरच्या कोर्टाला म्हनावं, जागा म्हंजी काय त्ये तुमच्या तोंडानं सांगा."

"जिंकलेल्या माणसाला अपील करता येत नाही, काका."

"म्हंजे ह्यो निकाल घिऊन म्या करायचं काय?"

शांभवीनं घड्याळात बघितलं. "पाच वाजत आले. म्हशी घेऊन कोपऱ्यावर जा."