फुलं रंगवलेली करवत

मी दोन मुठींची करवत बोलतेय. माणसाएवढं लांब पातं आणि दोन्ही टोकांना एकेक लाकडी मूठ. मी एकट्याला दाद देत नाही. मला चालवायला समोरासमोर दोघं लागतात.

या रानातल्या घरी माझी एक मूठ बाबांची, दुसरी त्यांच्या बायकोची, म्हणजे माईंची. कापता कापता बाबांचा हात ढिला पडला, की माई ओरडायच्या, "काय हो, झोपलात की काय?" दोघंही हसायचे आणि मी भुसा उडवत पुढे सरकायचे. सुखाचे दिवस होते ते.

माई गेल्या आणि दुसरी मूठ रिकामी झाली. मुलाने मशीनची करवत आणली, माझ्यावर गंज चढला. पुढे लग्न होऊन सूनबाई आल्या. त्यांनी मला अडगळीतून काढलं, घासलं आणि माझ्या पात्यावर चक्क फुलं रंगवली! दातांनाही हिरवा रंग फासून मला बैठकीच्या भिंतीवर टांगलं. पाहुणे म्हणायचे, "किती छान!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बाबा मात्र खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ करून बसू लागले.

मग वादळ आलं. सकाळी बघतात तर फाटकासमोरचं जुनं झाड रस्त्यावर आडवं! मुलाने मशीन लावून शेंड्याकडचा भाग कापला, तेवढ्यात शेजारच्या झाडावरून एक घुबड भेदरून दूर उडालं. खोडाच्या ढोलीतून कटकट आवाज येऊ लागला.

"बंद करा ते!" सूनबाई धावल्या. "आत पिल्लं आहेत. त्यांची आई परत आली नाही, तर उपाशी मरतील हो!"

"अगं, पण रस्ता मोकळा करायला नको?"

बाबांनी ढोलीत डोकावून पाहिलं. "ढोलीचा तुकडा अख्खा काढू आणि शेजारच्या झाडाला उभा बांधू. फक्त आवाज नको."

ते तडक घरात आले आणि त्यांनी मला भिंतीवरून उतरवलं. कानशीने दातांवरचा रंग खरवडून एकेक दात धारदार केला. मुलगा ओंडका सावरायला बसला, म्हणून माईंची मूठ सूनबाईंच्या हाती आली.

पहिल्याच फटक्यात त्यांनी मला असं ढकललं, की मी मधोमध वाकले.

"ढकलू नकोस गं," बाबा म्हणाले. "ओढायचं आणि सोडून द्यायचं. माझी पाळी मला घेऊ दे."

हळूहळू जमलं. किती वर्षांनी ताज्या लाकडाचा वास आला! निम्म्यावर बाबांचा हात ढिला पडला.

"बाबा, झोपलात की काय?"

बाबा थांबले. सूनबाईंनी माईंना कधी पाहिलंही नव्हतं. बाबांचे डोळे भरून आले आणि मग ते असे खदखदून हसले, की मीसुद्धा थरथरले.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. ओढ."

ओंडका बांधून झाल्यावर तिघं पायरीवर घुबडाची वाट बघत बसून राहिले. मी बाबांच्या मांडीवर. अंधारून आलं, तरी कोणी उठेना. शेवटी पंखांचा आवाजही न करता घुबड आलं. पायात उंदीर होता. ते ढोलीत शिरलं, तशी सूनबाईंनी बाबांचा दंड घट्ट धरला.

आता मी पुन्हा भिंतीवर आहे. निम्मी फुलं घासून गेलीत. बाबांची खुर्ची माझ्याकडे तोंड करून आहे. सूनबाई, फुलं खुशाल पुन्हा रंगवा, माझी काही तक्रार नाही. दातांना मात्र नुसतं तेल लावा.