तिसरी गादी

मी बोलतेय, श्रीधर सरांच्या कॉलेजातली तिसरी गादी. झोपायची नव्हे हं! बेसबॉलच्या मैदानाला चार कोपरे असतात. पळणाऱ्या मुलीने तीन कोपऱ्यांवरच्या गाद्यांना पाय लावत चौथा कोपरा गाठला, की झाली एक धाव. एवढंच त्यातलं शास्त्र, पण ते कॉलेजच्या गळी उतरवताना सरांचे केस पिकले.

माझा जन्म स्वारगेटमागच्या गल्लीत, सुगराबींच्या गाद्यांच्या दुकानात. साल पंचाण्णव. सरांनी माप सांगितलं तशा सुगराबी हसल्याच. "एवढीशी? कुणाच्या बाळाला?"

"पायाखाली घ्यायला."

"अहो सर, गादी कुणी पायाखाली घेतं होय?"

पण शिवली. आधी कापूस भरला, तर मुलींचे पाय रुतायला लागले. मग उसवून काथ्या ठासला आणि दाभणाने असे टाके घातले, की आजही त्यातला एक सुटलेला नाही. शेजारी बसलेली नात सुरय्या, सरांच्याच कॉलेजातली, म्हणाली, "दादी, मी पण खेळू?" सुगराबींच्या तोंडात दोरा होता, म्हणून 'नाही' म्हणायचं राहून गेलं.

सरांनी वर्गावर्गातून फिरून मुली गोळा केल्या. सगळ्या खो-खोच्या. पळण्यात एकीला झाकावं नि दुसरीला काढावं, पण थांबणं म्हणून ठाऊक नाही. खो-खोत थांबली ती बाद. इथे उलटं. माझ्यावर पाय रोवून उभी राहिली, तर समोरचीने चेंडू लावला तरी बाद नाही. मुलींच्या डोक्यात ते शिरलं, पायांत शिरेना. चेंडू घेऊन कुणी अंगावर आली, की माझ्यावरून टुणकन उडी, हुलकावणी आणि बाद! पहिल्या वर्षी सामने तीन, धावा शून्य.

प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. "अहो श्रीधर, शून्याचा शोध आपल्याकडे लागला, मान्य. तो दरवेळी नव्याने लावायला नको. पुढच्या सामन्यात एक तरी धाव दाखवा. नाहीतर मैदान क्रिकेटवाल्यांना."

त्या संध्याकाळी सरांनी मला मांडीवर घेऊन माझ्यावरची माती झटकली.

सामना धायरीला झाला. तिथे गाद्या नव्हत्या, म्हणून सरांनी आम्हालाच बरोबर नेलं. सुगराबी दुकान बंद करून पहिल्यांदाच खेळ बघायला आल्या होत्या. समोरच्यांच्या तेरा धावा, आमची पाटी कोरी. शेवटचा डाव, आमच्या दोघी बाद; तिसरी गेली की खेळ संपला. सुरय्या कशीबशी माझ्यापर्यंत पोहोचली आणि मागोमाग चेंडूही आला. समोरची मुलगी तो हातमोज्यात धरून तिच्याकडे सरकली. सुरय्याची टाच माझ्यावरून उचलली जाऊ लागली. मला आधी कळतं ते. सगळं वजन अंगठ्यावर येतं.

"हलू नकोस गं!" कडेवरून सुगराबी ओरडल्या. "माझ्या हातची गादी आहे ती! बघू तुला कोण उठवतं तिच्यावरून!"

टाच परत टेकली. इतक्या विश्वासाने माझ्यावर कुणी भार टाकला नव्हता. चेंडू सुरय्याच्या दंडाला लागला, ती जागची हलली नाही. पंचांनी दोन्ही हात आडवे पसरले. बाद नाही!

मग आमच्या कर्णधार हेमाने बॅट अशी फिरवली, की चेंडू थेट कुंपणाकडे. सुरय्या मला लाथ मारून जी सुटली, ती चौथ्या कोपऱ्यातच थांबली. तेरा-एक. हरलो, आणि आमच्या मुली अशा नाचल्या, की जिंकलेल्यांनी येऊन विचारलं, "नक्की जिंकलं कोण?"

मैदान मिळालं. मंगळवार आणि गुरुवार.

आता रबरी गाद्या आल्यात. मी कडेला गुलमोहोराखाली पडून असते. संघात निवड न झालेल्या मुली येऊन माझ्यावर बसतात, ओढणीने डोळे पुसतात. खेळायला मिळत नाही म्हणून पोरी रडतील, असं तेव्हा सरांना सांगितलं असतं, तर खरं वाटलं नसतं त्यांना. वाईट वाटतं मला पोरींचं, पण खोटं कशाला बोलू, आतून सुखही वाटतं.

रडा गं, खुशाल रडा. काथ्या ओला झाला तर होऊ दे, उन्हात वाळेल. फक्त गुरुवारी परत या.