कापलेलं रीळ

बुवांचा राग मला होताच, पण त्या दिवसापासून तंबूवाल्यांचा जास्त आहे. सोलापुरात तंबूत चालणाऱ्या मुक्या बायोस्कोपच्या पडद्याशेजारी उभं राहून लोकांना गोष्ट ओरडून सांगणं, हे माझं काम. त्या आठवड्यात रशियाचा एक विनोदी खेळ आला. त्यात मठातला लठ्ठ पाद्री मूर्तीमागं नळी लावून पंप दाबतो, मूर्ती घळाघळा रडते आणि भाबडे लोक ते पाणी भांड्यात धरतात. मी आधी एकट्यानं बघितला आणि पोट धरून हसलो.

घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. माझ्या आठ वर्षांच्या वच्छलाचे डोळे सुजून बंद झाले होते. इस्पितळातल्या डॉक्टरनं मलम दिलं आणि बजावलं, घाण पाणी लागलं तर नजर जाईल. आणि माझी आई सारजाबाई रोज तिच्या डोळ्यांत बसलिंगप्पा बुवाच्या रडणाऱ्या देवाचं तीर्थ घालत होती. सांगून सांगून माझी जीभ झिजली. म्हटलं, हिला पंपच दाखवू.

आईला पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी तंबूच्या मालकाचा पाहुणा म्हणून खुद्द बुवा. पडद्यावर मूर्ती आली, अश्रू आले, पंप आलाच नाही. बुवाच्या भिडेनं मालकानं ते रीळ कापलं होतं. बायकांनी हात जोडले, एकीनं पडद्यापुढं नारळ फोडला.

"मागं पंप हाय, पाद्री पाणी सोडतोय," मी बोंबललो.

"कुटं हाय?" कुणीतरी विचारलं आणि सगळा तंबू मला हसला. बुवाही हसला. मी मालकाच्या अंगावर धावलो, तेव्हा दोघांनी मला बाहेर ढकललं. नोकरी गेली, जाऊ दे चुलीत.

सकाळी उठतो तर आई वच्छलाला मांडीवर घेऊन तीर्थाच्या तांब्यात बोट बुडवत होती.

"आई, ते खोटं हाय. म्या माज्या डोळ्यांनी पंप बघितलाय."

"म्या बी डोळ्यांनीच बघितलं की," ती शांतपणे म्हणाली. "तूच दावलंस. गोऱ्यांचा देव बी रडतो, मग आपलाच खोटा व्हय?"

मी तांब्या हिसकावला आणि जमिनीवर आपटला. वच्छला घाबरून मांडीवरून उतरली. "देवाचं पाणी सांडलं की, बाबा," म्हणत तिनं मिटल्या डोळ्यांनी शेणानं सारवलेली ओली जमीन चाचपली आणि तोच हात डोळ्यांवर चोळला.